डोंगरवाटेचा सोबती

मार्गशीर्ष-पौषाचे दिवस आले की वसईच्या मुलुखाचे रूप पालटते. पावसाळ्यात गुडघाभर चिखलाने भरलेली शेते कोरडी पडलेली असतात. भाताची कापणी आणि झोडणी आटोपून खळी मोकळी झालेली असतात. वाड्यांतून केळीच्या रुंद पानांवरून पहाटेचे दव ठिबकत असते. पश्चिमेस अरबी समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा नदी आणि पूर्वेस तुंगारेश्वराची डोंगररांग, अशा चतुःसीमांत हा प्रदेश वसलेला आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. तेव्हापासून वसई तालुका त्या जिल्ह्यात मोडतो. वसई, नालासोपारा आणि विरार या गावांचे आता एक गजबजलेले महानगर झाले आहे. तरीही त्या गर्दीतून पूर्वेकडे मान वळवली, म्हणजे धुक्याच्या पदराआडून निळसर डोंगर डोकावताना दिसतो. तोच तुंगारेश्वर होय.

तुंगारेश्वराची उंची सुमारे २,२०० फूट, म्हणजे सुमारे ६६० मीटर आहे. सह्याद्रीतील मोठमोठ्या शिखरांच्या मानाने ती फार नव्हे. पण समुद्राच्या पातळीवर राहणाऱ्या माणसाला ती चढण दमवल्यावाचून राहत नाही. मुंबईहून अहमदाबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील सातिवलीवरून डोंगराच्या पायथ्याशी जाता येते. तेथून महादेवाच्या मंदिराकडे जाणारी वाट दाट झाडीतून वर चढते. श्रावणातील सोमवारी आणि महाशिवरात्रीला या वाटेवर भाविकांची रीघ लागते. परंतु डोंगर पाहावयाचा असेल, तर हिवाळ्यातील पहाटेसारखी वेळ नाही. पावसाळ्यात दुथडी वाहणारे ओढे या दिवसांत आटत आलेले असतात. वाट कोरडी आणि पायाला भरवशाची असते. हवेतील गारव्यामुळे चढताना घामाचा त्रास होत नाही.

वाटेच्या दोन्ही बाजूंस साग, ऐन आणि खैर उभे असतात. सागाची मोठी पाने गळू लागलेली असतात आणि पायाखाली येताच ती पापड मोडावा तशी कुरकुरतात. मधूनच बांबूची बेटे लागतात. माघ उजाडला, की निष्पर्ण झालेल्या काटेसावरीवर तांबडी फुले येतात आणि त्यांतील मध चाखण्यासाठी पाखरांची झुंबड उडते. लांब शेपटीच्या टोकांना दोन पिसांचे झुबके मिरवणारा भृंगराज इतर पक्ष्यांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो आणि नवख्या माणसाला चकवतो. उंच जागी पोहोचल्यावर मागे वळून पाहावे. खाली हिरव्या वाड्या, त्यांच्यापलीकडे घरांची दाटी आणि अगदी क्षितिजाशी समुद्राची रुपेरी रेघ दिसते. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या सैन्याने पोर्तुगिजांकडून जिंकून घेतलेला वसईचा किल्ला त्याच किनाऱ्यावर आहे. ज्या सोपारा बंदरातून प्राचीन काळी दूरदेशी गलबते जात आणि जेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बौद्ध स्तूपाचे उत्खनन केले, ते स्थळही याच सपाटीवर आहे. एका दृष्टिक्षेपात दोन हजार वर्षांचा इतिहास दाखवणारा हा डोंगर आहे.

अशा डोंगरावर निघताना ज्याच्या घरी कुत्रा आहे, त्याला वाटते की यालाही बरोबर घ्यावे. यात नवल नाही. चालण्याचा आनंद कुत्र्याइतका दुसऱ्या कोणत्या प्राण्याला होत असेल? धन्याने पायांत जोडे चढवले, की तो दारापाशी जाऊन उभा राहतो. वाटेला लागल्यावर तो पुढे धावतो, वळून पाहतो, पुन्हा मागे येतो. माणूस एक कोस चालला, तर त्याचे दोन कोस होतात. सह्याद्रीतील किल्ले पाहावयास जाणाऱ्यांना तर आणखी एक अनुभव येतो. पायथ्याच्या गावातील एखादा कुत्रा, ओळख ना देख, त्यांच्या मागे लागतो. साऱ्या चढणीभर सोबत करतो. माथ्यावर भाकरीचा तुकडा खाऊन त्यांच्याबरोबर खाली उतरतो आणि आपल्या गावी थांबतो. मोबदला म्हणून तो काही मागत नाही.

तथापि तुंगारेश्वरावर आपला कुत्रा नेऊ नये, असे जाणती माणसे सांगतात. हे ऐकून पुष्कळ मुले हिरमुसली होतात. कुत्र्याने कोणाचे काय वाईट केले आहे, असे त्यांना वाटते. म्हणून या सांगण्यामागील कारणे नीट समजून घेतली पाहिजेत.

तुंगारेश्वराचे अरण्य हे २००३ सालापासून वन्यजीव अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्र सुमारे ८५ चौरस किलोमीटर आहे. दक्षिणेकडील संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि ईशान्येकडील तानसा अभयारण्य यांच्या मध्ये ते आहे. एका रानातून दुसऱ्या रानात जाण्यासाठी वन्यप्राण्यांना हा जणू पूल आहे. त्या पुलावरून ये-जा करणाऱ्यांत बिबट्या मुख्य होय. बिबट्या हा दबा धरून शिकार करणारा प्राणी आहे आणि कुत्रा हे त्याचे आवडते भक्ष्य आहे. मुंबईलगतच्या अरण्यात बिबट्याच्या आहाराचा अभ्यास झाला, तेव्हा त्यात कुत्र्यांचा वाटा मोठा असल्याचे दिसून आले. घरच्या अंगणात शूर वाटणारा कुत्रा रानात बिबट्यापुढे टिकाव धरू शकत नाही. बिबट्याचा वास येताच घाबरलेला कुत्रा पळत धन्याकडे येतो. त्यामुळे त्याच्यावरील संकट धन्यावरही येण्याचा संभव असतो.

हा झाला कुत्र्याला असलेला धोका. रानाला असलेला धोकाही लहान नाही. कुत्रा माणसाळला असला, तरी त्याच्या अंगातील पाठलागाची वृत्ती गेलेली नाही. ससा किंवा भेकर दिसताच तो त्याच्यामागे धावतो. त्याने शिकार केली नाही, तरी भेदरलेले जनावर पिलांपासून दूर पळते. जमिनीवर घरटे करणारा पक्षी अंडी सोडून उडून जातो. शिवाय कुत्र्यांचे काही रोग वन्यप्राण्यांना होतात. ‘डिस्टेंपर’ नावाचा एक रोग विषाणूपासून होतो. १९९४ साली आफ्रिकेतील टांझानिया देशात सेरेंगेटीच्या विस्तीर्ण रानात त्या रोगाची साथ पसरली आणि तेथील सुमारे एक तृतीयांश सिंह मरण पावले. आसपासच्या वस्त्यांमध्ये पाळीव कुत्र्यांची संख्या मोठी होती आणि रोग त्यांच्यामार्फत पसरला, असे अभ्यासकांचे मत झाले. आपल्या देशातही २०१८ साली गीरच्या अरण्यात काही आठवड्यांत वीसपेक्षा अधिक सिंह दगावले. त्यांपैकी काहींच्या शरीरात याच रोगाचे विषाणू सापडले. जो कुत्रा आपल्याला निरोगी दिसतो, तो रानात कोणता रोग सोडून येईल, हे डोळ्यांना दिसत नाही.

यावर कोणी म्हणेल, “डोंगर आणि कुत्रा यांचे नाते तर फार जुने आहे. महाभारतात धर्मराजाने कुत्र्याला बरोबर नेलेच ना?” ही शंका योग्य आहे. महाप्रस्थानिक पर्वात ती कथा येते. राज्य सोडून पाचही पांडव आणि द्रौपदी निघाले, तेव्हा एक कुत्रा त्यांच्यामागे चालू लागला. त्यांनी हिमालय ओलांडला. पुढे वाटेत द्रौपदी आणि चार भाऊ एकामागून एक कोसळले. अखेरीस युधिष्ठिर आणि तो मुका सोबती एवढे दोघेच उरले. इंद्र रथ घेऊन आला आणि युधिष्ठिराला म्हणाला, की तू रथात बैस, परंतु कुत्र्याला स्वर्गात जागा नाही. तेव्हा, जो आपल्या आश्रयाला आला आहे, त्याला सोडून मिळणारा स्वर्ग आपल्याला नको, असे धर्मराजाने निश्चयाने सांगितले. तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता, हे पुढे प्रकट झाले. या कथेत कुत्र्याला पर्वतावर नेण्याचा हट्ट धर्मराजाने धरलेला नाही. कुत्रा आपण होऊन आला होता. धर्मराजाचा मोठेपणा आहे तो त्याला वाऱ्यावर न सोडण्यात. आपल्यावर विसंबलेल्या जिवाची जबाबदारी शेवटपर्यंत वाहावी, हे त्या कथेचे सार होय.

पर्वतावर कुत्र्याचे खरे काम कोठे आहे, हे पाहावयाचे असेल, तर बर्फाच्या प्रदेशाकडे वळले पाहिजे. वसईच्या मुलांना बर्फाचा डोंगर पाहावयास मिळत नाही. असे का व्हावे? समुद्रसपाटीपासून जसजसे वर जावे, तसतशी हवा थंड होत जाते. सर्वसाधारणपणे दर एक हजार मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते. या हिशेबाने तुंगारेश्वराचा माथा पायथ्यापेक्षा सुमारे चार अंशांनी थंड असतो. २२ जानेवारी १९६२ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे ७.४ अंश सेल्सिअस इतके नीचांकी तापमान नोंदले गेले. तेवढी थंडी धरली, तरी वरील हिशेबाने तुंगारेश्वरावर तीन अंशांच्या आसपासच तापमान येते. पाणी गोठण्यास शून्य अंश लागतात. शिवाय कोकणातील हिवाळा कोरडा असतो. आकाशात ढगच नसतील, तर हिम पडणार कोठून? महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर जे कळसूबाई, तेही १,६४६ मीटरच आहे. महाबळेश्वरला कडाक्याच्या थंडीत वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठून पांढरे होतात. आपल्या राज्यातील हिमाची मजल साधारणपणे एवढीच.

हिमालयात मात्र हिवाळा आला, की वाटा, शेते आणि कुंपणे सारी एकाच पांढऱ्या चादरीखाली झाकली जातात. अशा भुसभुशीत बर्फात पाऊल टाकले, की माणूस मांडीपर्यंत रुततो. म्हणून तेथे पायांना ‘स्की’ बांधतात. स्की म्हणजे पुढील टोक वर वळलेल्या दोन लांब, अरुंद पट्ट्या होत. माणसाचे वजन पावलाएवढ्या जागेवर न पडता लांब पट्टीवर विभागले जाते; त्यामुळे तो रुतत नाही आणि उतारावर वेगाने घसरत जाऊ शकतो. पण मग चढताना तो मागे कसा घसरत नाही? यासाठी मोठी युक्ती योजलेली आहे. चढणीवर स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवतात. तिचे केस मागच्या दिशेला वळलेले असतात. स्की पुढे सरकवली, तर केस दबून राहतात. मागे घसरू लागली, तर ते उभे राहून बर्फात रुततात. मांजराच्या पाठीवरून हात डोक्याकडून शेपटीकडे फिरवावा आणि मग उलट फिरवून पाहावा, म्हणजे ही युक्ती ध्यानात येईल. पूर्वी या पट्ट्या सील नावाच्या सागरी प्राण्याच्या कातड्याच्या करीत. आता त्या बोकडाच्या मऊ केसांच्या किंवा नायलॉनच्या असतात. काश्मिरात गुलमर्ग येथे १९४८ साली आपल्या सैन्याने स्कीचे शिक्षण देणारी शाळा काढली. उंच पर्वतावरील युद्धाचे शिक्षण देणारी आजची नामांकित संस्था तिच्यातूनच उदयास आली.

अशा बर्फातील सफरीवर कुत्रे बरोबर नेणारे लोक थंड देशांत आहेत. स्कीने पडलेल्या चाकोरीतून कुत्रा मागोमाग चढतो. परंतु तेथेही धन्याला डोळ्यांत तेल घालून जपावे लागते. कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यांत बर्फाचे गोळे साचतात आणि त्याला पाऊल टेकवेनासे होते; उतारावर स्कीची पोलादी धार त्याच्या पायाला लागली, तर खोल जखम होते. म्हणून जाणते लोक त्याच्या पायांत मोजे चढवतात आणि उतारावर त्याला सुरक्षित अंतरावर ठेवतात.

बर्फातील कुत्र्यांची कीर्ती प्रथम जगभर पसरली, ती आल्प्स पर्वतामुळे. स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेवर ग्रेट सेंट बर्नार्ड नावाची खिंड आहे. तिची उंची सुमारे २,४७० मीटर आहे. तेथे अकराव्या शतकात धर्मोपदेशकांनी वाटसरूंसाठी एक धर्मशाळा स्थापन केली. पुढे त्यांनी मोठ्या अंगाचे कुत्रे पाळले. हिमवादळात वाट चुकलेल्या प्रवाशांना शोधण्याच्या कामी ते कुत्रे तरबेज झाले. त्यांपैकी बॅरी नावाचा कुत्रा १८०० साली जन्मला. त्याने चाळीसहून अधिक माणसांचे प्राण वाचवले, असे सांगतात. अखेरीस एका माणसाने लांडगा समजून त्याला मारले, अशी कथा पसरली आहे. परंतु ती खरी नाही. म्हातारपणी त्याला बर्न शहरी नेण्यात आले आणि तेथेच १८१४ साली तो मरण पावला. त्याचे पेंढा भरलेले शरीर बर्नच्या संग्रहालयात जपून ठेवलेले आहे. या जातीच्या कुत्र्यांच्या गळ्यात मद्याचे छोटे पिंप बांधलेले चित्रांत दिसते. तीही एका चित्रकाराची कल्पनाच होय. एडविन लँडसीअर या इंग्रज चित्रकाराने १८२० साली तसे चित्र काढले आणि लोकांनी ते खरे मानले. बॅरीच्या गळ्यात पिंप नसले, म्हणून त्याचे मोल कमी होत नाही. त्याची खरी संपत्ती त्याच्या नाकात होती.

माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या सुमारे साठ लाख पेशी असतात. कुत्र्याच्या नाकात त्या तीस कोटींपर्यंत असू शकतात. बर्फाचा थर वरून घट्ट दिसला, तरी त्यात हवेला वाट असते. खाली गाडल्या गेलेल्या माणसाचा गंध त्या वाटेने हळूहळू पृष्ठभागावर येतो. आपल्याला त्याचा मागमूस लागत नाही. पण शिकवलेला कुत्रा त्या जागी थबकतो, नाक खुपसतो आणि पंजांनी बर्फ उकरू लागतो. हिमलोट अंगावर आलेल्या माणसाला पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढले, तर तो वाचण्याचा संभव पुष्कळ असतो. अर्धा तास लोटला, की आशा झपाट्याने मावळते. लांब काठ्या खुपसत माणसांनी सारे मैदान धुंडाळावयाचे म्हटले, तर कित्येक तास जातात. कुत्रा तेच काम त्याच्या अल्पांश वेळात करतो. तेथे क्षणाक्षणाला मोल असते आणि कुत्र्याचे नाक ते क्षण वाचवते.

या कामाची ओळख महाराष्ट्राला एका दुःखद प्रसंगाने झाली. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीन हिमनदीवरील सोनम नावाच्या ठाण्यावर बर्फाचा प्रचंड कडा कोसळला. हे ठाणे सुमारे १९,६०० फूट उंचीवर आहे. तुंगारेश्वरावर तुंगारेश्वर असे जवळजवळ नऊ डोंगर रचावे, तेव्हा ती उंची येईल. मद्रास रेजिमेंटच्या तुकडीतील दहा जवान त्या बर्फाखाली गाडले गेले. त्यांत सातारा जिल्ह्यातील मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशी हे होते. ते जवानांची शुश्रूषा करणारे परिचारक होते. ज्यांनी वसईच्या बागांएवढीही थंडी क्वचितच सोसली असेल, अशा दक्षिणेकडील गावांतून आलेले हे वीर देशाच्या सीमेवर रात्रंदिवस पहारा देत होते.

शोध सुरू झाला. रात्री तापमान शून्याखाली चाळीस अंशांपर्यंत आणि त्याहूनही खाली जात होते. हवा इतकी विरळ होती, की चार फावडी बर्फ उपसले तरी धाप लागावी. बर्फ दगडासारखे कठीण झालेले होते. ते कापण्यासाठी करवती आणि छिद्रक यंत्रे वर न्यावी लागली. बर्फाखालचे शोधणारी रडार यंत्रेही आणली गेली. या साऱ्यांबरोबर सैन्याचे शिक्षित कुत्रेही होते. त्यांतील ‘डॉट’ आणि ‘मिशा’ या दोघांची नावे पुढे देशभर झाली. खाली काही नाही असे वाटावे, अशा पांढऱ्या पठारावर ते हुंगत फिरत राहिले. सहाव्या दिवशी, ८ फेब्रुवारीच्या रात्री, सुमारे पंचवीस फूट बर्फाखाली लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद जिवंत सापडले. कर्नाटकातील धारवाड जिल्ह्यातल्या बेटदूर गावचे ते रहिवासी. सारा देश त्यांच्यासाठी प्रार्थना करू लागला. परंतु दिल्लीच्या सैनिकी रुग्णालयात ११ फेब्रुवारी रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. दहाही जवान गेले. मात्र त्यांचे देह बर्फात हरवून राहिले नाहीत. सुनील सूर्यवंशी यांचा देह त्यांच्या गावी आला आणि आप्तांना त्यांचे अखेरचे दर्शन घडले. ज्यांनी पुत्र गमावला, त्यांना त्या दर्शनाचे मोल केवढे असते, हे शब्दांत सांगता येत नाही. त्या कामात माणसाच्या जिद्दीला कुत्र्याच्या नाकाची जोड मिळाली होती.

असे कुत्रे जन्मतःच तयार होत नाहीत. आपल्या सैन्यातील कुत्र्यांना मेरठ येथील केंद्रात शिक्षण देतात. प्रत्येक कुत्र्याचा एक सांभाळणारा जवान असतो. तो त्याला खाऊ घालतो, त्याचे अंग पुसतो, त्याच्या पायांची काळजी घेतो आणि त्याच्या शेपटीच्या हालचालीवरून त्याच्या मनातील ओळखतो. कुत्र्यालाही बोलावताच परत येणे, सोडल्याशिवाय न धावणे आणि इतर जनावर दिसले तरी कामावरून लक्ष न काढणे, हे सारे शिकावे लागते. सियाचीनवरील कुत्रा तेथे हौसेखातर गेलेला नसतो. तो कर्तव्यावर असतो आणि त्याची जबाबदारी वाहणारा माणूस त्याच्या शेजारी उभा असतो.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर सोपे होते. कुत्र्याचे तीक्ष्ण नाक आणि पाठलागाची ओढ हे गुण सियाचीनवर मनुष्याला तारतात. तेच गुण तुंगारेश्वराच्या रानात भेकराच्या पाडसाला मारक ठरतात. गुण तेच, ठिकाण मात्र निराळे. विळ्याने भात कापावे. त्याच विळ्याने वाफ्यातील रोपे कापली, तर दोष विळ्याचा नव्हे, तो चालवणाऱ्याचा. कुत्र्याला कोठे न्यावे आणि कोठे नेऊ नये, हे कुत्र्याला कळत नाही. ते धन्याला कळले पाहिजे.

म्हणून वसईच्या मुलांनी कुत्र्याला फिरवावयास अवश्य न्यावे. भल्या सकाळी, ओहोटीच्या वेळी, ओल्या वाळूवरून गळ्यात पट्टा आणि हातात साखळी घेऊन दौडावे. त्याला रोगप्रतिबंधक लस वेळच्या वेळी टोचून घ्यावी. तुंगारेश्वरावर जावयाचे झाले, तर त्याला घरीच, सावलीत आणि पाण्याजवळ, कोणाच्या तरी देखरेखीखाली ठेवून जावे. पायथ्याला झाडाशी बांधून मात्र जाऊ नये. त्याला सोडून दिल्यासारखेच ते होईल. धर्मराजाने ज्याला स्वर्गाच्या दारातही टाकले नाही, त्याला आपण अरण्याच्या दारात कसे टाकावे? आणि डोंगर चढून संध्याकाळी घरी परत आल्यावर तो जेव्हा अंगावर उड्या घेऊन आपले हात, पाय आणि जोडे हुंगू लागेल, तेव्हा त्याला मनसोक्त हुंगू द्यावे. सागाचा पाचोळा, ओढ्याची माती आणि वाटेवरून रात्री गेलेल्या रानजनावरांचा गंध, हे सारे त्या जोड्यांवर असते. घरी राहूनही तुंगारेश्वराची अशी सफर त्याच्या वाट्याला येते.

अभ्यास

१. पुढील प्रश्नांची एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वसईच्या चतुःसीमा कोणत्या?
(आ) तुंगारेश्वर अभयारण्य कोणत्या दोन अरण्यांना जोडते?
(इ) बॅरी या कुत्र्याचा शेवट कोठे झाला?

२. पुढील प्रश्नांची चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) अभयारण्यात कुत्रा नेल्याने कुत्र्याला आणि रानाला कोणते धोके संभवतात?
(आ) तुंगारेश्वरावर बर्फ का पडत नाही?
(इ) स्कीच्या तळाशी लावलेली केसाळ पट्टी कशी उपयोगी पडते?

३. “गुण तेच, ठिकाण मात्र निराळे.” हे वाक्य पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : डोळ्यांत तेल घालून जपणे, वाऱ्यावर सोडणे, मागमूस न लागणे, टिकाव धरणे.

५. तुमच्या गावाजवळील एखाद्या डोंगरावर किंवा टेकडीवर हिवाळ्यात जाऊन या. तेथे दिसलेली झाडे आणि ऐकू आलेले पक्षी यांची नोंद करून दहा ओळींत वर्णन लिहा.